मध्ये जागा

बेड

साडी अंगावर टाकून बघतात, तसं रविवारी दुपारी राधाबाईंना घाटकोपरच्या त्या दुकानात बेडवर टाकून बघणं चाललं होतं.

"आई, नीट आडवी हो ना. लाजतेस काय?" विशाल म्हणाला.

"परक्याच्या दुकानात पाय पसरू? तूच पड."

सून संघमित्रा पर्स सांभाळत उभी होती. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. रिपोर्ट बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही. आणि रिपोर्ट वाईट होता. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. जमिनीवर झोपणं बंद. नाही ऐकलं तर पाय जातील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पण राधाबाईंचा जन्म विक्रोळीच्या चाळीत, एका खोलीत गेलेला. संध्याकाळ सरली की भिंतीपासून दारापर्यंत अंथरुणांची रांग. कुणी 'सरक' म्हटलं की सगळी रांग झोपेतच सरकायची. आता टॉवरमध्ये त्यांना एकटीची बेडरूम मिळाली आणि झोप उडाली. खाटेवरून त्या गुपचूप फरशीवर उतरायच्या. त्यांना धरायला म्हणून संघमित्राही जागी. घरात माणसं तीन. झोपत होता एकटा विशाल.

"याच्या पोटात काय?" राधाबाईंनी पेटीच्या बेडवर टिचकी मारली.

"सामान, मावशी. गाद्या, रजया, सगळं मावतं," दुकानदार चंद्रप्रकाश म्हणाला.

"आणि मी वरून राखण करू?"

गुलाबी मखमली पाठीचा बेड त्यांना लग्नाच्या स्टेजसारखा वाटला. विशालनं कपाळाला हात लावला.

कोपऱ्यात एक साधा, बुटका, सागवानी बेड होता. वर जाड फोमची गादी.

"तो सोडा," चंद्रप्रकाश म्हणाला. "त्याच्यावर गिऱ्हाईक पडतं ना, मग उठतच नाही." तो हसला. एकटाच.

तोवर राधाबाई त्यावर कलंडल्या होत्या. एवढा ऐसपैस बेड, आणि त्या अगदी कडेला.

"आई, मध्ये सरका ना," संघमित्रा म्हणाली.

"मध्ये जागा कुठंय?" डोळे मिटलेले. मग, पुटपुटल्यासारखं, "ये गं," म्हणून त्या अजून थोड्या बाहेर सरकल्या.

चंद्रप्रकाशनं मान वळवली. तो बाहेर रस्त्याकडे बघत राहिला.

त्या घोरायला लागल्या. भर दुकानात.

"झकास!" विशाल कुजबुजला. "हाच घेऊ."

संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटून.

गादी

फोम दाबला की खड्डा पडतो आणि सावकाश भरून येतो. दुकानात हे दाखवतातच. घरी संघमित्रानं कडेला तळहात दाबून बघितला. भरून आला. मधोमधचे लांबट खड्डे मात्र राधाबाई उठून अंघोळीला गेल्या तरी तसेच होते. तिनं हात ठेवला.

ऊब होती.

तिनं वर चादर घातली, कोपरे खोचले आणि लॅबला गेली. सासूबाई झोपत होत्या. नवा एक्स-रे चांगला आला होता. कारण शोधायचं म्हणजे पुन्हा जागं राहायचं.

चादर

चुरगळायची ती मधली. राधाबाईंच्या अंगाखालची नाही.

पुन्हा बेड

त्या रोज थोड्या जास्त कडेला जात होत्या. एका दुपारी संघमित्रा लवकर घरी आली, तर त्यांचा एक हात आणि एक पाय हवेत लोंबत होता. चेहऱ्यावर मात्र हसू.

"आई, पडाल ना!" तिनं खांद्याला धरून त्यांना आत ढकललं.

त्या हलल्या नाहीत. जड म्हणून नव्हे. पलीकडून कुणीतरी रेटल्यासारखं होतं.

तिनं खुर्ची आणून बेडला टेकवली. आधीच्या जागरणांचा शीण एकदम पायांत उतरला होता. ती वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला गेली आणि टेकली. जेमतेम हातभर जागा. कच्च्या दुधाचा वास येत होता.

घरात दूध नव्हतं.

उठावं, असं तिला वाटलं. पण तीही अशाच एका खोलीत वाढली होती. तिच्या तोंडून आपोआप गेलं,

"सरका ना जरा."

सगळे सरकले.

उशी

पुढच्या रविवारी ती एकटीच त्या दुकानात आली. चेहरा तजेलदार, वेणी नीट घातलेली.

"मावशी झोपतात?" चंद्रप्रकाशनं बिचकत विचारलं.

"आम्ही दोघी झोपतो. विशाल चिडवतो, कुंभकर्णाच्या बहिणी म्हणून." ती मनमोकळी हसली. "उशा हव्यात. कापसाच्या. फोमच्या नकोत, सवय नाही."

"दोन ना?"

"दोनानं काय होतंय? सहा द्या."

त्यानं सहा उशा काढल्या. तिनं एकेक दाबून बघितली, एक कडक होती ती बदलून घेतली. पिशव्या उचलल्या, दारापर्यंत गेली, आणि परत आली.

"राईची उशी असते का हो तुमच्याकडे? डोक्याला आकार यावा म्हणून तान्ह्या बाळाला देतात ती?"

"घरात बाळ आहे, मॅडम?"

"आमचं नाही," ती म्हणाली. "पण मध्ये तेच झोपतं."