टोकाच्या खिडकीतला आवाज

रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्री दुपारपासून गल्लीत घरोघर फिरत होता. प्रत्येक खिडकीत रेडिओ ठेवायचा, काटा जुळवायचा आणि पुढे सरकायचं. खेळ एका पाहुण्या कलावंत बाईंचा होता. त्या आवाज गोळा करत, म्हणून गल्ली त्यांना आवाजवाल्या बाई म्हणे. मिस्त्रीच्या दुकानात छोटा ट्रान्समीटर बसवला होता. ज्याने त्याने यायचं, आपल्या घरातला एक आवाज माईकला द्यायचा. तो गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून वाजणार.

"ह्याला कला म्हणतात?" शेजारच्या शिंप्याने विचारलं.

"तुझ्या मशीनची खडखड आम्ही रोज सोसतो. आज तिला मान मिळतोय. गप बस," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीला कलेशी देणंघेणं नव्हतं. त्याचा मुलगा पिट्या गल्लीच्या टोकाला असलेल्या खाणीच्या पाण्यात बुडाला, त्याला वर्षं लोटली. तरी बायको रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहून त्याला हाक मारी. लोक आधी हळहळले, मग सरावले, आता पोरंटोरं नक्कल करत. मिस्त्रीने ठरवलं होतं, आज हाक पार टोकापर्यंत जाऊ दे. कुठूनच उत्तर येत नाही, हे तिच्याच कानांना कळू दे. मग थांबेल. आपला होरा चुकत नाही, याची त्याला खात्री होती.

उन्हं कलली. शिंप्याची खडखड खिडक्याखिडक्यांतून वाजली, लोक हसले. कुणी दाराची करकर दिली, कुणी आजोबांचा खोकला. मग मिस्त्रीची बायको आली.

"अहो, काय बोलू?"

"रोज बोलतेस तेच."

ती माईकवर वाकली. "पिट्या... घरी ये रे. अंधार पडला."

साऱ्या गल्लीतून हाक गेली. हसणं थांबलं. मिस्त्रीने माईक बंद केला आणि वाट पाहिली.

"आलो," टोकाच्या खिडकीतला रेडिओ म्हणाला.

तो एकटाच. मग त्याच्या अलीकडचा. "आलो."

मिस्त्री ताडकन उठला. ट्रान्समीटर एकच, बोलले तर सगळे रेडिओ एकदम बोलतील. एकामागून एक बोलणं शक्यच नव्हतं. त्याने तार उपटली. दिवा विझला. आवाज मात्र आणखी एक घर अलीकडे आला. आता त्यात धाप होती, ओली.

"मिस्त्री, बंद कर रे..." शिंपी पुटपुटला.

"बंदच आहे."

"यात माझं काही नाही," आवाजवाल्या बाई भिंतीला टेकून म्हणाल्या.

शिंप्याच्या खिडकीतून "आलो" आलं, तसे त्याने पाय वर घेतले. पुढचं घर मिस्त्रीचं. तो धावत गेला आणि आपल्या रेडिओतले सेल काढून मुठीत धरले. गल्ली चिडीचूप. उंबऱ्याशी शेवाळाचा वास येत होता.

"दारापर्यंत आला होता हो," मागून आलेली बायको म्हणाली.

"हवेतल्या लहरी असतात. होतं असं."

असं कधीच होत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या घरांतले रेडिओ गोळा केले, सेल काढून आपल्या घरातल्या फळीवर मांडले. आवाजवाल्या बाई केव्हाच निघून गेल्या होत्या. तिन्हीसांज झाली. बायकोने हाक मारली नाही. मिस्त्री मनोमन खूश झाला. सुटली एकदाची.

मग तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"तो बोलावतोय."

मिस्त्रीने कान दिला. फळीवरच्या रिकाम्या रेडिओंतून हलकी खरखर येत होती. "आई... आता तू ये ना."

मिस्त्रीने दाराला कडी घातली आणि पाठ लावून बसला. बायकोचा हात घट्ट धरला.

"मी आहे तोवर हिला कुणी नेत नाही," तो फळीकडे बघत म्हणाला. आवाज जराही कापला नाही.

खरखर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"बाबा... मग तुम्ही?"

मिस्त्रीने ओठ मिटून घेतले. दात दातावर दाबले.

"आलो," फळीवरून उत्तर आलं. घोगरं, ठाम, मिस्त्रीच्याच आवाजातलं.

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला 'आलो' म्हणालात?"