बाबांच्या रंध्याचं पातं

भंगाराच्या ढिगाऱ्यात रंध्याची मूठ दिसली आणि सुताराच्या लेकीने झडपच घातली. पण पलीकडून आणखी एका हाताने तोच रंधा पकडला.

"सोडा! हा माझ्या बाबांचा आहे."

"असं होय? मग इथे हवापालटाला आलाय वाटतं?"

तिने वर पाहिलं. नाकावर काळा डाग, डोळ्यांत मिश्कील हसू... बाजाराच्या तोंडाशी कात्र्या-सुऱ्यांना धार लावून देणारा तो. सगळे त्याला धारवालाच म्हणत. रागवायचं ठरवूनही तिला धड रागवता येईना.

"दादाने विकला, मला न विचारता. बाबांचं मनगट निकामी झालं तेव्हापासून हा अडगळीत पडून होता. आता दादाला सुतारकामाची खोली भाड्याने द्यायचीय. मी म्हटलं, मी चालवते. तर बाबा म्हणाले, रविवारी माझ्या रंध्याने टेबलाची फळी गुळगुळीत करून दाखव, खोली तुझी. नाही जमलं तर दादाची."

रंधा उलटसुलट करून त्याने तोंड वाकडं केलं. पातं गंजाने पार खाल्लं होतं. "नवा घ्या ना. सोपं पडेल."

"सोपं हवंय कुणाला?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग रंध्यावरची त्याची पकड अलगद सुटली. "धार लावायचा दगड माझ्या दुकानात आहे. संध्याकाळी येत जा... गंज काही एका दिवसात निघत नाही."

ती रोज जाऊ लागली. ती गंज घासायची, लाकडाला तेल पाजायची. तो गिऱ्हाइकांच्या नकला करून तिला हसवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा बोटांना बोटं लागली, तेव्हा दोघंही घाईघाईने तेलाचा डबा शोधू लागले. डबा तिच्याच हातात होता!

शनिवारी दुपारी ती पोचली, तर स्वारी नुसती खुलली होती. तिला चकित करायला त्याने परस्परच पात्याला धार लावून टाकली होती.

"बघ, धारेला पट्टी लावून बघ! मधून उजेडाला शिरायला जागा नाही."

तिने रंधा एका फळीवर चालवला आणि तिचा चेहरा पडला. फळीवर दोन बाजूंना दोन रेघा उठल्या होत्या.

"तू... कोपरेही सरळ केलेस?"

"धार सरळच हवी ना!"

"कात्रीची. रंध्याच्या पात्याचे कोपरे बाबा किंचित गोलसर ठेवायचे, म्हणजे ते लाकडात रुतत नाहीत."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "आण इकडे, मी लगेच—"

"नको. खोली मला चालवायचीय, तर हे माझ्या हाताला जमायला हवं. तू फक्त... इथे बस."

तो बसला, तेही गप्प. त्याच्यासारख्या बडबड्याला ही मोठीच शिक्षा होती. पहिल्यांदा एक कोपरा जास्त घासला गेला, दुसऱ्यांदा तिचं बोट सोललं. रडू गिळून तिने पुन्हा पातं दगडावर टेकवलं.

रविवारी बाबा खुर्चीत बसले होते, दादा दाराशी घड्याळ बघत होता आणि धारवाला उगाचच भिंतीला चिकटून उभा होता. तिने रंधा लावला. सर्रर्र... पातळ, लांबलचक सालपट वळत वर आलं. मग दुसरं. मग सालपटांचा खच पडला!

बाबांनी डोळे मिटून फळीवर तळहात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा एकदा.

"पातं कुणी घासलं?"

"मी बिघडवलं होतं, काका," धारवाला पटकन म्हणाला. "हिने नीट केलं. एकटीने."

बाबांचे डोळे भरून आले. "पोरी, तुझ्या वयात मला हे साधलं नव्हतं. खोली तुझी!"

दादाने फळी चाचपली, डोकं खाजवलं. "बरं... माझ्या घरासाठी टेबल करशील?"

"रांगेत उभा राहा," ती ऐटीत म्हणाली आणि तशीच, केसांत सालपटं घेऊन, धारवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला ना... तुला एक सांगायचं होतं," तो अडखळला. "म्हणजे, बरेच दिवस... म्हणजे असं की—"

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "लग्न करशील माझ्याशी?"

तो नुसताच मान डोलावत राहिला. एकदा डोलावली, दोनदा डोलावली, थांबेचना.

"काय म्हणालीस गं?" बाबांनी खुर्चीतून मुद्दाम विचारलं. "नीट ऐकू नाही आलं."

मग तिने ते पुन्हा सांगितलं, असं खणखणीत की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या.