हाडातले ठिपके

अप्पा गेले त्याच्या आदल्या दुपारी ओसरीत बसून हस्तिदंताचे जुने तुकडे पुसत होते. परभणीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बंदी येईपर्यंत तिथे हस्तिदंतही विकला जाई. आफ्रिकेचा दात वापरून पांढरा होतो, आपल्याकडचा पिवळा पडतो, हे मी पाढ्यांबरोबरच शिकले. कापलेल्या दातात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात. हाडात काळे ठिपके.

"तुझ्या आईच्या हातातला माल बघ, रुद्रा," ते म्हणाले. "असा आता मिळायचा न्हाई."

"पन्नास वर्षं तेच सांगायलेत," भांडी विसळता विसळता आई म्हणाली. "हत्ती जणू यांनीच पाळला होता."

सोळाव्या वर्षी, आई झोपलेली असताना, मी तिच्या हातातल्या त्या 'हस्तिदंती' बांगड्यांना भिंग लावलं होतं. दोन्ही हाडाच्या. बंजारा तांड्यावरच्या बायकांना अप्पांनी हाड हे हाड म्हणूनच विकलं. फसवलं ते फक्त घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून पुरलं. आमच्या घरात बांगड्या फोडत नाहीत. आईच्या हातात त्या तशाच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी नळाखाली हात धरताच ती कळवळली.

"थंड पाण्यानं लय ठणकायलंय गं."

"मनगट?"

"हात न्हाई. बांगडी."

मी भिंग आणलं. उजव्या बांगडीवर एकही ठिपका नव्हता. कडेला रेषा होत्या, नुकत्या उमटल्यासारख्या फिकट. मला भीती नाही वाटली, संताप आला. अप्पांविरुद्ध माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता.

डाव्या बांगडीवर आठ ठिपके होते. दोन दिवसांनी पाच. आई गरम कपालाही हात लावेना. आमच्या दुकानात आला तो सगळा मेलेल्या हत्तींचा दात. तो ठणकत नाही.

नवव्या दिवशी बांगड्या मनगटाभोवती फिरेनाशा झाल्या. काढायला गेले, तर कातडी हिरडीसारखी वर चढली होती.

आज डाव्या बांगडीवर एकच ठिपका उरला.

"दुखायलंय," आई म्हणाली, "पण ऊब हाय बघ." तिनं बांगडी गालाला लावली.

मी तिचा हात ओढून घेतला. भिंगाखाली ठिपका बारीक होत होता. तो पुसला जायच्या आत सांगायलाच हवं होतं.

"आई, अप्पांनी तुला हाड दिलं होतं. मी सोळा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे."