पाचवा रकाना

गाडी बघायला आलेल्या माणसानं एसी लावला, जाळीपुढे तळहात धरला आणि लगेच मागे घेतला.

"हे तर गरम हवा मारून राह्यली ताई. दुरुस्त करा, मंग फोन करा."

शरयूनं मान हलवली. गाडी वडिलांची. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. पुण्याच्या भावानं सगळं ठरवून टाकलं होतं: गाडी विकायची, मलकापूरचं घर भाड्यानं द्यायचं, आणि जूनपासून तिनं त्याच्याकडे वरच्या खोलीत राहायचं. ती ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तशी नोकरी पुण्यातही मिळेल, असं तो म्हणायचा. नको म्हणायला कारण लागतं. तिला ते सापडत नव्हतं.

नेहमीच्या मेकॅनिकचं शटर बंद होतं. मेच्या उन्हात ती हायवेनं तशीच पुढे गेली आणि कार एसीची एक पाटी दिसली तिथे थांबली.

दुकानात एकच माणूस होता. पस्तिशीचा, कानावर पेन्सिल. शेखर त्याचं नाव. त्यानं बॉनेट उघडून दोन नळ्या जोडल्या, काट्याकडे पाहिलं.

"गॅस कमी हाय."

"मग भरून द्या. गाडी विकायची आहे."

"भरतो. पण गॅस काही पेट्रोल नाही मॅडम, जळून संपाले. गेला म्हणजे कुठून तरी गेला. नुसता भरला तर पंधरा दिवसांनी तुमी परत याल अन् मले शिव्या द्याल."

"मी शिव्या देत नाही."

"मनात द्याल."

ती हसली नाही. पण हसू आलं होतं, हे तिचं तिला कळलं.

त्यानं गॅससोबत एक रंग आत सोडला. जिथून गॅस निसटेल तिथून रंगही बाहेर येईल आणि निळ्या बत्तीत चमकेल. "एसी लावून दीडशे किलोमीटर फिरवा. आठ दिवसांनी या."

"तापमान लिहून ठेवू?"

"लिवा की," तो म्हणाला. आजवर त्याला असं कुणी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती वही घेऊन आली. चार रकाने, पट्टीनं आखलेले: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, जाळीतलं तापमान. शेखरनं सावकाश वाचलं. मग गाडीत वाकून किलोमीटरचा आकडा पाहिला आणि पेन्सिलीनं वजाबाकी केली.

"अकरा?"

ती वहीतल्या रकान्यांकडे बघू लागली.

"दुकानातून घरी अन् घरून दुकानात, एवढंच होते हे. रोज सहा ते साडेसहा गाडी होती कुठं?"

"दारात."

"दारात उभी करून... एसी लावून बसल्या?"

"थर्मामीटर वाचायचा तर बसावंच लागतं."

सुट्टी लागली होती, जायला कुणाचं घर नव्हतं, आणि इंजिनाची घरघर ऐकताना आत कुणीतरी आहे असं वाटायचं, हे तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "आज मोताळ्याचा बाजार हाय."

"मला काही घ्यायचं नाही."

"घ्या कोण म्हणते? उभ्या गाडीत पाइप हलत नाही मॅडम. हलला नाही तर कुठं फुटला ते कसं कळंन?"

गाडी ती चालवत होती. थर्मामीटर त्याच्या हातात.

"नऊ."

"पूर्ण नऊ?"

"नऊ अन् थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"तुमच्या हसण्याएवढं. हाय म्हणावं तर हाय."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही, पण पुढचा खड्डा तिला दिसला नाही. दणका बसला. मोताळा जवळ आलं तसा पारा चढू लागला. चौदा... एकोणीस... सव्वीस. जाळीतून गरम झोत आला आणि दोघांनाही एकदम आनंद झाला.

बाजाराच्या अलीकडे त्यांनी निंबाखाली गाडी थांबवली. दिवसाउजेडी रंग दिसत नाही, म्हणून शेखरनं बॉनेटवर ताडपत्री टाकली. तो रंग दिसायला लागणारा पिवळा चष्मा एकच होता.

"तुमी घाला. मी बत्ती धरतो. तुमी सांगा."

ताडपत्रीखाली अंधार होता, तापलेल्या रबराचा वास होता, आणि त्याचा श्वास होता – इतका जवळ, की तिनं आपला रोखला. निळा उजेड पाइपावरून सरकत गेला.

"थांबा."

"कुठं?"

तिनं त्याचं मनगट धरून बत्ती मागे आणली. पाइप पत्र्याला घासत होता तिथे एक हिरवा थेंब चमकत होता. थेंब सापडला होता. मनगट सोडायला हवं होतं. तिला तीन सेकंद जास्त लागले. तिनं ते मोजले.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "पाइप बदलल्यावर गाडी विकणार?"

"हो. मग पुणं, भावाकडे."

त्यानं ताडपत्रीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

दुसऱ्याच दिवशी गाडी तयार झाली. चावी देताना तो म्हणाला, "आणखी चार दिवस लावता आले असते. लई वाटलं. पण मले तसं काम जमत नाही."

तिनं चावी घेतली. घरी येऊन गाडीतच बसून राहिली. जाळीतून गार वारा येत होता, आणि दार उघडून त्या घरात जावंसं वाटत नव्हतं.

आठ दिवसांनी शेखरनं मान वर केली, तर समोर तीच उभी होती.

"गॅस गेला?"

"नाही."

"मंग काऊन आल्या?"

तिनं वही पुढे केली. या वेळी तीनशे शहाऐंशी किलोमीटर झाले होते. मोताळा, बुलढाणा, पार सुलतानपूरपर्यंत. जाळीतलं तापमान कुठेही नऊच्या वर गेलं नव्हतं. आता पाचवा रकाना होता: 'सोबत'. त्यात आठ ओळींना आठ आडव्या रेघा होत्या.

"हा पहिले नव्हता," तो हळूच म्हणाला.

"नव्हता. मोजल्याशिवाय मला कळत नाही... किती रिकामं आहे ते."

नवव्या ओळीत फक्त आजची तारीख होती. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बोटं शर्टाला पुसली, आणि पाचव्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. ग्रीसचा डाग पडलाच.

"गाडी विकली?"

"त्या माणसाला फोनच केला नाही."

"अन् पुण्याले काय सांगाल?"

"येत नाही म्हणून."

"भावानं कारण विचारलं तर?"

शरयूनं वही त्याच्या हातातून घेतली. नवव्या ओळीवरून बोट फिरवलं, डागापाशी थांबवलं.

"वाचून दाखवीन," ती म्हणाली.