चौतीस नंबरचं वजन

आमच्या खेळण्यातल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये सामना सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूचं वजन होतं. मर्यादा चार ग्रॅमची. खेळाडू प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा, पण हेल्मेटवरचे पट्टे, गुडघ्याला लागलेला चिखल, पाठीवरचा नंबर सगळं खऱ्यासारखं रंगवलेलं. तो एका छोट्या बैठकीवर उभा असतो आणि बैठकीखाली प्लास्टिकचे बारीक पाय असतात. मैदान पत्र्याचं, जेवणाच्या टेबलाएवढं, त्याच्याखाली मोटर. बटण दाबलं की पत्रा थरथरतो आणि दोन्ही बाजूंचे बावीस जण आपापले चालू लागतात. कोण कुठे जाणार, हे त्याचे पाय चिमट्याने कसे वाकवलेत त्यावर. आपण फक्त मांडायचं आणि चेंडू कोणाच्या काखेत द्यायचा ते ठरवायचं. मग पंच ओरडतो, "हात मागे!" आणि बाराच्या बारा जण शाळेतल्या पोरांसारखे हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

माझा स्वतःचा सामना नसेल तेव्हा पंच मी असतो, आणि वजनं तर नेहमी मीच करतो. नाव रॉस्को टिलमन, पण इथे सगळे इन्स्पेक्टरच म्हणतात. एकतीस वर्षं मी कौंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, वजनमापं तपासली. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या या भागात असा सॉसेजवाला नाही, ज्याच्या काट्यावर माझी पितळी वजनं चढली नाहीत. कारण नसताना हललेला काटा मी एवढ्या वर्षांत एकही पाहिला नव्हता.

दर शनिवारी दुपारी एक वाजता आम्ही क्लिंटन स्ट्रीटवरच्या चर्चच्या तळघरात जमतो. कोपऱ्यात तळघर गरम ठेवणारी भट्टी घरघरत असते, कोट ओले असतात, पोलिश बायकांनी वरच्या स्वयंपाकघरात परतलेल्या कांद्याचा वास जिन्यावरून खाली येतो. ऑर्व्हिल बँक्स घरून चिकन विंग्ज तळून आणतो, आणि ते खाऊन कोणी पत्र्याला तेलकट बोट लावलं की जो आरडाओरडा होतो तो रस्त्यावर ऐकू जातो. माझ्या आठवड्यातला हा सगळ्यात चांगला वेळ, हे मी माझ्या बायकोसमोरही कबूल करतो.

ऑगस्टमध्ये आमचा कॅझ गेला. कॅझमीर रुडनिक. आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त केले आणि चाळीस वर्षं एकच टीम खेळवली. त्याचा जीव चौतीस नंबरवर. चौतीस धावायचा छान, पण पाच पावलं सरळ गेला की उजवीकडे वळायचा. नेहमी. कॅझने त्याचे पाय वाकवले, घासले, त्याला पोलिश भाषेत नाही नाही ते ऐकवलं. तो उजवीकडेच.

हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटलो तेव्हा कॅझ म्हणाला, "माझी पोरगी पॉला माझ्या जागी खेळणार आहे. तिने एक सामना जिंकला ना, की मी तुझ्या टीममध्ये येतो. बावीस वर्षांत तुला एक कप नाही. लोकांना तुझी ओळख सांगायची लाज वाटते मला."

"ये की," मी म्हणालो. "पण सामान कमी आण. माझा धावणारा खेळाडू तीन ग्रॅमचा आहे. एका ग्रॅमच्या वर आणलंस तर बाद करीन."

तो हसला, खोकला, पुन्हा हसला आणि मग झोपला. मी त्याच्या छातीकडे बघत बसलो. दोन आखूड श्वास, मध्ये थांबा, मग एक लांब. असं किती तरी वेळ.

आता नियम सांगतो. तो कॅझनेच घातलेला. टीमवाला गेला की त्याच्या घरच्या माणसाने एक हंगाम ती टीम खेळवायची. एक जरी सामना जिंकला तरी टीम त्या घरी राहते. नाही जिंकला, तर अकरा खेळाडू उरलेल्या अकरा जणांत वाटले जातात, प्रत्येकाच्या घरी एक. कॅझला ही कल्पना फार गोड वाटायची. त्याच्या पोरीला अजिबात वाटली नाही.

"बाबांना अकरा घरांत वाटून टाकायचं?" पॉला म्हणाली. पंचेचाळीस वर्षांची बाई, शाळेची बस चालवते, आवाज असा की मागच्या सीटवरची भांडणं पुढे बसून थांबतात. त्या दिवशी तो आवाज बारीक झाला होता. "काका, त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाहीये हो."

पहिल्या शनिवारी ती पातेलं घेऊनच आली. बैठकीचे पाय नरम करायला त्या कोमट पाण्यात बुडवतात, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. तिने बैठका घरी शेगडीवर ठेवल्या आणि फोनवर बोलत बसली.

"काका," ती रडवेली होऊन म्हणाली, "मी बाबांची टीम शिजवली."

आम्ही पातेल्यात पाहिलं. चाळीस वर्षांची मेहनत शेवयांसारखी गोळा होऊन पडली होती.

"मीठ घातलं होतंस का?" ऑर्व्हिलने विचारलं, आणि ती रडता रडता इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

नव्या कोऱ्या बैठका लावून ती खेळली. खेळाडू गोल गोल फिरले, एकमेकांना धडकले, एक जण मैदानाबाहेर निघून गेला. चौतीस मात्र पाच पावलं सरळ गेला आणि उजवीकडे वळला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समजावून सांगितलं की चेंडू उजव्या काखेत असतो, भार त्या बाजूला पडतो, त्यात काही विशेष नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

त्या दिवशी त्याचं वजन तीन ग्रॅम होतं. ती हरली. पुढच्या शनिवारी तीन पूर्णांक एक. परत हरली. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन पूर्णांक दोन.

"रंग लावलास का गं याला?"

"हात नाही लावला, काका. त्या पातेल्यानंतर मला धीरच होत नाही."

मी माझी पितळी वजनं आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. तिचे बाकीचे दहा खेळाडू जसेच्या तसे. नोव्हेंबरमध्ये तिची परवानगी घेऊन मी चौतीसला आठवडाभर माझ्या घरी ठेवलं, काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, कपाटात कुलूपबंद. शनिवारी तो एक दशांशाने वाढलेलाच होता. दमट हवा, मी मनाशी म्हटलं. बरणीत कसली दमट हवा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

"नाताळात पोरगं जरा जास्तच जेवलंय," ऑर्व्हिल काट्याकडे बघून म्हणाला.

पॉला दर आठवड्याला हरत होती, पण थोडक्यात, आणि आणखी थोडक्यात. पाय वाकवायला शिकली. तिला टोमणे मारता यायला लागले, ते तर बापापेक्षा चांगले. मुद्दाम हरायची आमच्यात पद्धत नाही, तसं कोणी केलं तर त्याला कॅझनेच हाकललं असतं, म्हणून मीसुद्धा तिला हरवलं. आणि मी कोणाला तरी हरवलं म्हणजे तिची परिस्थिती काय असेल ते बघा. दहा सामने, दहा पराभव. अकरावा ऑर्व्हिलशी, जो त्या हंगामात एकदाही हरला नव्हता.

त्या शनिवारी शहराशेजारच्या मोठ्या तलावावरून बर्फ आला. तळघराच्या खिडक्या रस्त्याच्या पातळीवर आहेत, त्या दुपारी एकलाच पांढऱ्या झाल्या होत्या. तरी बाराही जण हजर. ऑर्व्हिलने विंग्जचा डबा कोटाच्या आत छातीशी धरून आणला होता.

मी चौतीसला काट्यावर ठेवलं. चार पूर्णांक शून्य. मग तीन पूर्णांक नऊ. मग पुन्हा चार. आकडा ठरेना. भट्टीचा वारा असेल म्हणून मी तळहाताचा आडोसा केला. तरी तेच.

"चारच्या वर जातोय का?" ऑर्व्हिलने विचारलं.

"नाही."

"मग खेळू दे की त्याला."

असा सामना मी बावीस वर्षांत पाहिला नाही. पॉलाने मारलं की ऑर्व्हिलने मारलं, दर डावाला टेबलाभोवती नाच. घसा बसेपर्यंत ओरडलो आम्ही. शेवटच्या डावाला ऑर्व्हिल चार गुणांनी पुढे होता. म्हणजे पॉलाला टचडाउनच हवं होतं, चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण, आणि चेंडू होता मैदानाच्या मध्यावर.

ऑर्व्हिलने आपले जवळजवळ सगळे खेळाडू उजवीकडे लावले. पॉलाने चेंडू चौतीसच्या काखेत दिला.

"पॉला, तो उजवीकडे वळतो," मला राहवलं नाही. पंचाने असं बोलू नये.

"माहितीये, काका. पण शेवटचा डाव आहे. बाबांनी दुसऱ्या कोणाला दिला असता का?"

टीम वाटायची वेळ आली तर कोण कोणता खेळाडू नेणार, त्याच्या चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या. मी त्यांना हात लावला नाही.

"हात मागे!"

मी बटण दाबलं. पत्रा घोंघावला. बावीस जण हलले. चौतीस एक पाऊल, दोन, तीन, चार, पाच.

आणि दिवे गेले.

पत्रा बंद. भट्टी बंद. वरच्या मजल्यावरचा रेडिओही बंद. खिडक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड तेवढा येत होता. त्यात सगळे खेळाडू जिथल्या तिथे उभे होते.

टिक.

मला आधी वाटलं, भट्टी थंड होतेय.

टिक. टिक.

चौतीस चालत होता.

मी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. पाठीमागे. टेबलाला कोणी टेकलेलं नव्हतं. माझा अंगठा बटणावर होता आणि त्याखाली पत्रा थंड आणि स्थिर होता.

टिक. टिक. टिक.

तो थांबला. उजवीकडे ऑर्व्हिलची भिंत उभी होती.

मग तो डावीकडे वळला.

मोकळ्या पत्र्यावरून, सावकाश, एकटा. पॉलाच्या तोंडून एक शब्द निघाला. लहानपणी ती बापाला हाक मारायची तो.

त्याने रेषा ओलांडली आणि उभा राहिला.

मग ऑर्व्हिलने घसा साफ केला.

"इन्स्पेक्टर, बटण चालू आहे?"

मी पाहिलं. "चालू आहे."

"बटण बंद होईपर्यंत डाव चालू. नियमच आहे आपला."

"आहे."

"मग हात वर कर की, लेका! कसली वाट बघतोयस?"

मी दोन्ही हात वर केले, टचडाउनची खूण. त्यानंतर त्या अंधाऱ्या तळघरात जे झालं ते सांगायला मला शब्द नाहीत. ऑर्व्हिलने पॉलाला उचललं, सत्तर वर्षांच्या माणसाने. कोणी टेबलावर थापा मारत होतं, कोणी कोणाच्याही गळ्यात पडत होतं. आम्ही मोबाईलच्या उजेडात गार विंग्ज खाल्ले आणि मी त्या चिठ्ठ्या फाडून उरलेल्या हाडांच्या डब्यात टाकल्या. पॉलाने अकरा जणांना कापसात गुंडाळलं. गुंडाळताना ती हसत होती. मी खूप खूश होतो. माझा मित्र गेल्यापासून इतका खूश मी झालो नव्हतो.

गुण मिळवणाऱ्याचं सामन्यानंतर पुन्हा वजन होतं, तेवढं राहिलं होतं. काटा बॅटरीवर चालतो. मी चौतीसला त्यावर ठेवलं.

तीन पूर्णांक शून्य. आकडा जरासुद्धा हलला नाही.

"ठीक आहे ना?" पॉलाने विचारलं.

"ठीक आहे. घरी ने त्याला," मी म्हणालो.

रविवारी सकाळी वीज आली. बायको चर्चला गेली होती. हंगाम संपला की मी माझी टीम पुसून पेटीत ठेवतो, तशी ती काढून बसलो. सवयीने काटाही काढला. माझा धावणारा बावीस वर्षं तीन ग्रॅमचा आहे. त्याचं वजन करायचं काही कारण नव्हतं.

चार पूर्णांक शून्य.

मी त्याला उचललं, एका ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. एक पूर्णांक शून्य. काटा बरोबर. धावणाऱ्याला परत ठेवलं. चार. मर्यादेत अगदी बसणारा.

मला आधी हसू आलं. मोठ्याने हसलो मी, एकटाच. मग आकडा हलला, म्हणून मी उठून भट्टी बंद केली, खिडकीची कडी पाहिली आणि टेबलापासून दोन हात लांब उभा राहिलो.

थोडा खाली, वर. थोडा खाली, वर. दोन आखूड, मग थांबा. मी माझाही श्वास धरून उभा होतो.

मग एक लांब.