करंगळीचं बटण

नागसेनने आयुष्यात पहिल्यांदा शिकवणी शोधली ती सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही बेंजोची.

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये तो मेंटेनन्सला होता. त्याची बायको गिरजा गायन पार्टीत बेंजो वाजवायची. आपल्याकडचा आडवा बेंजो: लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीने तार छेडायची. पार्टीचा प्रत्येक कार्यक्रम गिरजाने स्वतः बसवलेल्या एका चालीने संपायचा. त्या चालीला शब्द नव्हते, पण ती सुरू झाली की चपला शोधायला उठलेली माणसं परत खाली बसायची.

गिरजा गेल्या मे महिन्यात गेली. सहा महिन्यांनी पार्टीचे म्होरके आबाजी घरी आले.

"नागसेनराव, वाद्य मुकं ठेवू नये. पार्टीला द्या. एक नवी पोरगी तयार होतेय."

"मी वाजवीन."

आबाजींनी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी प्रेसने त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं होतं. ती नजर नागसेनला झोंबली.

"वर्षाच्या पुण्यानुमोदनाला गिरजाची चाल वाजवून दाखवतो," तो म्हणाला. "नाही जमलं तर तिथूनच उचलून न्या."

बोलून तर गेला. मग शोध सुरू झाला. मुलगी मिनल माणच्या आयटी पार्कात कामाला होती; तिने मोबाइलवर पिंपरीतले सगळे क्लास काढले. सगळीकडे गिटार आणि कीबोर्ड. एका ठिकाणी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अंकल, युकुलेले ट्राय करा, तुमच्या एजला इझी पडेल." नागसेन थँक्यू म्हणून जिना उतरला. शेवटी कॅम्पातल्या वाद्यांच्या दुकानदाराने तारांचं पाकीट देता देता सांगितलं, "बेंजो शिकवणारं आता कोण राहिलंय, भाऊ? पुनावळ्यात एक मंजुळाबाई आहेत. तोंडाने तिखट आहेत, तेवढं सांभाळा."

मंजुळाबाईंचं घर दोन टॉवरच्या मधोमध होतं, पत्र्याचं आणि बैठं. दुपारनंतर त्यावर ऊन पडत नसे. बाईंनी बेंजोआधी त्याचा हात पाहिला.

"तीन बोटं. अंगठा धरून." त्या म्हणाल्या. "आन् कधीपत्तुर शिकायचंय?"

"मेपर्यंत."

"मग लगीन करा दुसरं. ते लवकर हुईल."

नागसेनला हसू आलं. गिरजा गेल्यापासून पहिल्यांदाच. बाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "बसा. हसतोय म्हंजी टिकंल."

आठवड्यातून तीन दिवस, फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने येऊन तो तिथे जायचा. पत्ती गिरजाचीच होती, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली. गाताना ती पत्ती दातात धरायची. कडेला दातांच्या खुणा होत्या.

त्याचा कान तयार होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावली की कोणतं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. चाल तर त्याच्या डोक्यात अठ्ठावीस वर्षं होती. दोन महिन्यांत त्याच्या बोटांनी ती जवळजवळ धरली. अडलं ते एका जागी. चालीच्या शेवटी एक मुरकी होती. तिथे करंगळीने डावीकडचं खालचं बटण दाबून धरायचं आणि पहिल्या बोटाने चार बटणं पलीकडचं वरचं बटण पटपट उडवायचं. मधलं बोट तिथवर पोचत नाही, आणि करंगळी नसेल तर पहिलं बोट उचललं की सूर थेट मोकळ्या तारेवर पडतो, जिन्याची पायरी चुकावी तसा.

"ती जागा सोडून द्या," बाई म्हणाल्या. "कुनाला कळतंय?"

"आबाजींना कळेल. आणि मला."

मार्चमध्ये एका संध्याकाळी बाई आत मेथी निवडत होत्या आणि नागसेन बाहेर मुरकीशी झगडत होता. आतून आवाज आला, "हां. करंगळी धरली की बसतंय बघा. उचलू नका आता."

नागसेनचा हात थांबला. "बाई, मला करंगळी नाही."

आत मेथीची काडी मोडल्याचा आवाज झाला.

"व्हय की," बाई म्हणाल्या. "इसरलेच."

पण सूर पडला नव्हता. तेही त्याने ऐकलं होतं.

त्यानंतर तो नीट ऐकू लागला. बटण सोडलं की स्प्रिंगने वर येतं आणि 'टक' असा बारीक आवाज होतो. एक बोट उचललं की एक टक. मुरकीच्या शेवटी तो पहिलं बोट उचलायचा आणि टक वाजायचं. मग क्षणभराने आणखी एक. त्याने बेंजो उघडला, स्प्रिंगा तपासल्या, तेल दिलं. एकही बटण अडकत नव्हतं. आत्मा-बित्मा त्याच्या घरात कोणी मानत नव्हतं, बापाच्या काळापासून. आवाज आहे म्हणजे कारण आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

एप्रिलच्या शेवटी बाई बाहेर येऊन समोर बसल्या. त्याचा हात बघत त्यांनी अख्खी चाल ऐकली. मुरकी आली, स्वच्छ आली. बाईंनी पदराने मान पुसली.

"उद्यापासनं येऊ नका."

"का? चुकलं काही?"

"चुकलं न्हाई, तेच सांगतीय. माझं काम झालं." त्या उठल्या, दाराशी थांबल्या. "मी एका येळी एकच शागीर्द घेते."

कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी मिनल बाहेर गेल्यावर नागसेनने कंपनीतून आणलेली निळ्याची ट्यूब काढली. दोन पार्ट एकमेकांना कुठे टेकतात ते पाहायचं असलं की फिटर एकावर हे निळं पातळ लावतो. जिथे टेकलं तिथून ते निघतं आणि दुसऱ्यावर उमटतं. ते सुकत नाही, आणि एकदा हाताला लागलं की घरभर होतं. हरवत मात्र नाही. इथून गेलं तर तिथे सापडलंच पाहिजे.

त्याने सगळ्या बटणांना निळं लावलं, हात केरोसीनने पुसले आणि वाजवायला बसला. समोर भिंतीवर गिरजाचा फोटो होता. ओल लागू नये म्हणून फ्रेमवाल्याने तो मागून खिळे ठोकून, चारही कडांना खाकी पट्टी चिकटवून बंद केला होता.

चाल संपली. सूर एकदाही पडला नाही.

त्याने बटणं पाहिली. त्याने दाबलेल्या प्रत्येक बटणावरचं निळं पसरलं होतं. आणि डावीकडे, त्याचं एकही बोट जिथे गेलं नव्हतं, तिथे करंगळीच्या बटणावरचं निळं उचललं गेलं होतं. मधोमध लहानशी गोल जागा. त्याच्या कुठल्याही बोटापेक्षा लहान.

त्याने आपला हात पाहिला, मग बाही, सतरंजी, फरशी, पडदा, दाराची कडी. गुडघ्यावर बसून त्याने कॉटखाली बॅटरी मारली.

निळं कुठेच नव्हतं.

मिनल यायच्या आत त्याने बटणं पुसली.

रविवारी सकाळी विहाराचा हॉल भरला. मिनलने घरून फोटो आणला, पांढऱ्या फुलांचा हार घातला. वंदना झाली, दोघेतिघे बोलले. आबाजी पहिल्या रांगेत होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी बेंजो न्यायला आणलेली कापडी पिशवी होती, घडी घातलेली.

नागसेनने पत्ती दातात धरली, बाह्या सारल्या आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीलाच मागच्या बायका गप्प झाल्या. दुसऱ्या ओळीला कुणीतरी "गिरजाक्का" म्हणालं आणि रडू लागलं. नागसेन रडला नाही. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून उचलावं तसं त्याला वाटत होतं. मुरकी आली. त्याने हात लपवला नाही, उलट सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. तीन बोटं, आणि सूर जिथल्या तिथे. गिरजा वाजवायची त्याच्यापेक्षाही लखलखीत.

टक.

टक.

हॉल उठून उभा राहिला. आबाजी पुढे आले, त्याचा डावा हात उलटसुलट करून पाहत राहिले. "राव," ते म्हणाले, "हे केलं कसं?" उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवी खिशात कोंबली. गर्दीच्या मागे मंजुळाबाई चपला घालत होत्या. त्या नागसेनकडे नाही, त्याच्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून मान डोलावून गेल्या.

दुपारी घरी येऊन त्याने फोटोचा हार काढला. काचेवर खालच्या कोपऱ्यात निळा डाग होता.

त्याने तो फडक्याने पुसला. गेला नाही. केरोसीन लावलं. तरीही नाही. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर डाग नव्हता, ठसा होता. लहान बोटाचा, रेघा स्पष्ट.

त्याने नख घासलं. नख कोऱ्या काचेवरून घसरलं.

ठसा आतून होता.

त्याने फ्रेम उलटी केली. खाकी पट्टी चारही बाजूंनी अखंड होती. खिळ्यांवर गंज होता, तसाच.

"बाबा," स्वयंपाकघरातून मिनल ओरडली, "आबाजींचा फोन आलाय. पुढच्या महिन्यात तळेगावला कार्यक्रम आहे. बेंजोवर बसाल का, विचारतायत."

"बसतो म्हणावं," नागसेन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच भरदार वाटला.

त्याने फ्रेम सरळ केली.

आता ठसे दोन होते.