उघडा कान

नेहमीचा वादक तापाने पडला, म्हणून स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या काकांनी ऐनवेळी हिला बोलावलं. व्हायोलिनवाली भाड्याची. दुसऱ्यांच्या गाण्यात जीव ओतायचा आणि मागच्या दाराने निघून जायचं. काचेपलीकडे तो बसला होता. त्याचा पहिलाच अल्बम. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गळ्याभोवती मफलर.

तिने हेडफोन चढवला, सवयीने एक कान उघडा ठेवून.

"एका कानाचा माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" हेडफोनमधून त्याचा आवाज आला.

"त्या कानाने मी स्वतःवर पहारा ठेवते. बेसूर झाले तर तुम्ही थोडंच सांगणार..."

"सांगेन की. पण... हळू सांगेन."

काका खेकसले, "गुलुगुलू पुरे. पोरी, दोन्ही कान झाक. त्याचा आवाज हेडफोनातून तुझ्या माइकात गळतोय."

तिने झाकले. दोन ओळींनंतर कान पुन्हा उघडा. जित्याची खोड.

तो गात होता ते कच्चं गाणं — वादकांना वाट दाखवण्यापुरतं. पक्कं गाणं शेवटी गायचं आणि कच्चं पुसून टाकायचं, अशी तिथली रीत. रोज काचेच्या दोन बाजूंनी दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कडव्याआधी तो श्वास घ्यायचा आणि तिचा गज नेमका तेव्हाच उचलला जायचा. एकदा जिन्यात त्याने तिची व्हायोलिनची पेटी धरायला हात पुढे केला. बोटांवर बोटं राहिली... जरा जास्तच वेळ.

मग एका दुपारी तो खोकला, आणि मफलरवर रक्त आलं.

घशात गाठ. वाईट जातीची. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती घरघर. पक्कं गाणं राहूनच गेलं. अल्बम काढणाऱ्या कंपनीचा मालक दवाखान्यात आला तो विचारपूस करायला नाही, गाणी दुसऱ्या नावाजलेल्या गायकाला देण्यासाठी सही घ्यायला. कच्ची गाणी लगेच पुसायला लावली. माणूस अजून श्वास घेतोय आणि ह्यांनी मागे राहिलेलं आवरायलाही घेतलं!

पण तिच्या व्हायोलिनखाली त्याच्या आवाजाची गळती सापडली. मालक म्हणाला, "बाई, स्वच्छ वाजवून द्या पुन्हा."

"नाही देणार."

"मग इथे काम मिळणार नाही. इथेच काय, कुठेच."

"नका देऊ. पण त्याला माझ्या हाताने पुसणार नाही."

अल्बम बाजारात आणायची तारीख डोक्यावर होती. मालकाने हात झटकले. "राहू दे तसंच. कुणाला ऐकू येणारे?"

अल्बम आला. तिचं काम गेलं. ती त्याच्या घरी गेली. त्याच्या आईने दार उघडलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. हिने अल्बम लावला आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला. मधल्या तुकड्यात नवा गायक गप्प होता, व्हायोलिन एकटं. आणि त्याच्या तळाशी, मुंगीएवढा, तो स्वतः गुणगुणत होता.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग घरघरला, "माझ्याच घरात... चोरासारखा."

"चोर दिवाणखान्यात बसलेत. तू घरचा आहेस."

"गाठ पुन्हा येऊ शकते. आणि हा आवाज... पत्र्यावर खिळा घासावा तसा. असेन तितके दिवस... ऐकशील?"

तिने दोन्ही कानांमागे केस सारले आणि त्याच्या अगदी जवळ सरकून बसली.

"बोल," ती म्हणाली.